सगळं वेळेवर होतंय, तरी छातीत धडधड का? हाय-फंक्शनिंग अँग्झायटी आणि आपला धंदा



एरवी आपण इथे मार्जिन, उधारी, स्टॉक यावर बोलतो. आजचा विषय ताळेबंदात दिसत नाही, पण ताळेबंद बघणाऱ्या माणसाच्या आत असतो. व्हिडिओत सगळं मावलं नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय. सावकाश वाचा. घाई नाही.

आधी एक चित्र डोळ्यांसमोर आणा. एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. माल कधी उशिरा जात नाही. जीएसटीचं रिटर्न शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधीच भरलेलं. बँकेचा हप्ता आजवर एकदाही चुकलेला नाही. बाजारात लोक म्हणतात, "त्यांच्याकडे काम दिलं की विसरून जायचं." आणि हाच मालक रात्री अडीच वाजता छताकडे बघत पडलाय. का? तर एका पार्टीने व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन बघितलं, निळ्या टिका आल्या, पण उत्तर आलं नाही. "रेट जास्त लावला का? दुसरीकडे गेले का? आधीच्या मालात काही खोट निघाली का?" सकाळी साडेसातला मात्र गडी पुन्हा कामावर हजर, तोच हसरा चेहरा घेऊन.

जगाला या माणसाचा दिवस दिसतो. रात्र फक्त त्याला माहीत असते, आणि फार तर घरच्यांना. यालाच हल्ली हाय-फंक्शनिंग अँग्झायटी म्हणतात. काम सगळं सुरळीत, आतली घालमेल मात्र थांबत नाही.

हा आजार आहे का?

सरळ उत्तर देतो. या नावाचं अधिकृत निदान नाही. डॉक्टर ज्या दोन याद्यांवरून निदान करतात, अमेरिकन मानसोपचार संघटनेची डीएसएम-५ आणि जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११, त्यांत हे नाव सापडणार नाही. हा लोकांच्या बोलण्यातला शब्द आहे.

पण म्हणून त्रास खोटा ठरत नाही. याच्या जवळचा जो अधिकृत आजार आहे, त्याला जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर म्हणतात. डीएसएम-५ प्रमाणे त्यात किमान सहा महिने, बहुतेक दिवस, वेगवेगळ्या गोष्टींची अति काळजी वाटते आणि ती आवरता येत नाही. सोबत सहापैकी किमान तीन लक्षणं असतात: अस्वस्थपणा, लवकर थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, अंग आखडणं आणि झोप बिघडणं.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. निदानासाठी काम बिघडलेलंच असावं असा नियम नाही. आतला त्रास मोठा असेल, तरी तो मोजला जातो. "माझा धंदा तर चाललाय, मग मला कसला आजार?" हा प्रश्न म्हणूनच चुकीचा आहे. धंदा चालत असताना माणूस झिजत असू शकतो.

कष्टाळू माणूस आणि काळजीखोर माणूस: फरक कसा ओळखायचा?

तुम्ही म्हणाल, धंदा म्हटला की टेन्शन आलंच. बरोबर आहे. पगाराच्या आदल्या दिवशी खात्यात पैसे कमी असतील आणि पोटात गोळा आला, तर तो आजार नाही. ती जाणीव आहे.

फरक ओळखायला एक साधी खूण सांगतो. काम संपल्यावर मन थांबतं का, ते बघा. कष्टाळू माणूस ऑर्डर पाठवतो, पोच मिळाली की चहा पितो आणि विषय संपतो. काळजीखोर माणसाचा विषय पोच मिळाल्यावरही संपत नाही. एक काळजी मिटली की तिची जागा घ्यायला दुसरी दारात उभीच असते.

धंद्यात ती अशी दिसते, बघा तुमच्याशी काही जुळतं का:

- शटरचं कुलूप ओढून बघितलं, तरी अर्ध्या रस्त्यातून परत यावंसं वाटतं.
- कुणी काम सांगितलं की "नाही" म्हणताच येत नाही. हात भरलेले असताना आणखी एक ऑर्डर घेता.
- दोन ओळींचा मेसेज पाठवण्याआधी पाच वेळा वाचता.
- सीएला, पार्टनरला, बायकोला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारता, "सगळं ठीक आहे ना?" उत्तराने अर्धा तास बरं वाटतं.
- सुट्टीच्या दिवशी जास्त बेचैन होता. हात रिकामे राहिले की डोकं सुरू होतं.
- धंदा चांगला चालला तरी भीती वाटते. "एवढं चांगलं चाललंय म्हणजे आता काहीतरी होणार."
- मान, खांदे, जबडा कायम आवळलेले. पोटाची तक्रार नेहमीचीच.

यातलं एखादं लक्षण सगळ्यांनाच लागू पडतं. चार-पाच कायमची असतील, तर पुढचं नीट वाचा.

काळजी सुटत का नाही? कारण श्रेय तिला मिळतं

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे. समजा, तुमचा फराळाचा धंदा आहे. दिवाळीच्या ऑर्डरची तुम्ही महिनाभर काळजी केलीत. त्याच महिन्यात तुम्ही बेसन आणि तूप वेळेवर भरलंत, दोन जादा बायका कामाला लावल्यात, डबे आधी मागवलेत. ऑर्डर झकास गेली. मन काय म्हणतं? "बरं झालं एवढी काळजी केली. नाहीतर घोळ झाला असता."

आता विचारा स्वतःला. ऑर्डर कशामुळे गेली? बेसन भरल्यामुळे, बायका लावल्यामुळे, डबे मागवल्यामुळे. रात्री तीनला जागं राहिल्याने एक चकलीसुद्धा तळली गेली नाही! काम तयारीने केलं आणि श्रेय काळजीने खाल्लं. मग पुढच्या दिवाळीला तुम्ही काळजी सोडायला घाबरता, कारण तुम्हाला वाटतं तिच्यामुळेच धंदा चाललाय.

माझं आजचं सगळं सांगणं एवढंच आहे: तुमचा धंदा तुमच्या तयारीवर चालतो. काळजी तिच्या शेजारी बसलेली असते, म्हणून दोघी एकच वाटतात. या दोघींना वेगळं करायचं.

"पण सर, थोडं टेन्शन असलं की काम चांगलं होतं ना?" होतं. १९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले होते. सोप्या कामात जोरदार धक्क्यानेही उंदीर लवकर शिकले. पण काम अवघड केलं, तेव्हा जोरदार धक्क्याने शिकणं मंदावलं. मध्यम धक्का बरा ठरला. पुढे हा ढोबळ नियम माणसांनाही लावला गेला. धंद्यात तो रोज दिसतो. माल मोजणं, पॅकिंग, बिलं करणं ही कामं टेन्शनमध्येही उरकतात. पण नवा रेट ठरवणं, मशीनसाठी कर्ज घ्यायचं की नाही हे ठरवणं, जुन्या पार्टीला नकार देणं, ही कामं आवळलेल्या डोक्याने होत नाहीत. म्हणून असा मालक दिवसभर धावतो आणि मोठा निर्णय मात्र वर्षभर पुढे ढकलतो.

याची किंमत कोण भरतं?

पहिली किंमत धंदा भरतो. सगळं स्वतः तपासल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून दुसऱ्याच्या हाती काम जात नाही. काम दिलंच, तर मागे उभं राहून तपासता. हुशार कारागीर कंटाळून निघून जातो. तुमच्या दोन हातांत मावेल तेवढाच धंदा राहतो.

दुसरी किंमत शरीर भरतं. झोप अर्धवट, जेवण उभ्याउभ्या, चहावर चहा.

तिसरी किंमत घर भरतं, आणि ती सगळ्यात उशिरा कळते. गिऱ्हाइकाशी गोड बोलून बोलून दिवसभराचा धीर संपतो आणि उरलेली चिडचिड पोरांच्या वाट्याला येते. पोरं बघून बघून शिकतात की कमावणं म्हणजे कायम घाबरलेलं असणं. आपल्याला त्यांच्या हाती नेमकं हेच द्यायचंय का?

मग करायचं काय? पाच कामं

१. काळजीला वेळ ठरवून द्या. थॉमस बोर्कोवेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात सहकाऱ्यांसोबत एक साधी पद्धत तपासली. दिवसभर काळजी आली की ती नोंदवून ठेवायची आणि रोज ठरलेल्या अर्ध्या तासातच तिच्याकडे बघायचं. आपण ती अशी वापरू. संध्याकाळी साडेसहाची वेळ ठरवा. झोपायच्या तोंडावर नको. दिवसा विचार आला की खिशातल्या छोट्या वहीत एक ओळ लिहा: "कोटेशनचं उत्तर नाही." आणि स्वतःला सांगा, साडेसहाला बघू. साडेसहाला वही उघडाल तेव्हा अर्ध्या ओळी शिळ्या झालेल्या असतील. उरलेल्यांपुढे दोनपैकी एक खूण करा: "काम आहे" किंवा "माझ्या हातात नाही." काम असेल तर उद्याच्या यादीत तारीख-वेळेसकट टाका. हातात नसेल, तर तिथेच सोडा.

२. काळजीचा निकाल लिहून ठेवा. त्याच वहीत पुढे एक रकाना करा: "शेवटी काय झालं?" अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर असलेल्या लोकांना असंच करायला लावलं होतं. त्यांनी आपल्या काळज्या लिहिल्या आणि पुढे त्या खऱ्या होतात का ते बघितलं. २०२०मध्ये निकाल छापून आला. सुमारे ९१ टक्के काळज्या खऱ्या झाल्याच नाहीत. अभ्यास छोटा होता, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा स्वतःला लावू नका. तुमचा आकडा तुमच्या वहीतून काढा. आपण गिऱ्हाइकाची पत त्याच्या जुन्या खात्यावरून ठरवतो ना? मग काळजीचंही खातं बघा. दहापैकी नऊ वेळा खोटी माहिती देणाऱ्या दलालावर तुम्ही विश्वास ठेवाल का?

३. भीतीचा आकडा मांडा. काळजी कायम मोघम असते. "रिटर्न चुकलं तर संपलंच." काय संपलं? बसा आणि हिशेब करा. समजा, महिन्याचं जीएसटीआर-३बी भरायला दहा दिवस उशीर झाला आणि भरायचा कर ४०,००० रुपये आहे. लेट फी दिवसाला ५० रुपये, म्हणजे ५००. व्याज वर्षाला १८ टक्के, म्हणजे दहा दिवसांचं साधारण १९७. एकूण ७०० रुपयांच्या आत. मी उशीर करा म्हणत नाही. तारीख पाळायचीच. पण जी भीती रात्रभर छातीवर बसली होती, ती ७०० रुपयांची निघाली.

अडकलेल्या उधारीचंही तसंच. "पार्टी पैसे बुडवणार" या भीतीने झोपेचं खोबरं करण्याआधी तुमच्या हातात काय आहे ते बघा. तुमचं सूक्ष्म किंवा लघु उत्पादन युनिट असेल किंवा सेवा उद्योग असेल आणि उद्यम नोंदणी असेल, तर २००६च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे खरेदीदाराने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज लागू होतं आणि तक्रार करता येते. नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानाला हा फायदा नाही. आता बघा, "बुडवणार" या एका शब्दाची तीन कामं झाली: नोंदणी तपासा, बिलावर तारीख लिहा, स्मरणपत्र पाठवा.

४. वाक्यातला "च" काढा. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली. ती पुढे आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ उपचारपद्धती, या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ती मराठी माणसापर्यंत पोहोचवली. तिचा गाभा असा: त्रास घटनेने जितका होतो, त्याहून जास्त आपण त्या घटनेवर लादलेल्या हट्टाने होतो. "प्रत्येक गिऱ्हाईक खूश झालंच पाहिजे." "माझ्याकडून चूक होताच कामा नये." मराठीत हा हट्ट एका अक्षरात पकडता येतो: च. तो काढून वाक्य परत म्हणा. "गिऱ्हाईक खूश व्हावं असं मला मनापासून वाटतं, त्यासाठी मी झटेन. एखादं नाराज झालं तर वाईट वाटेल, पण मी उभा राहीन." दर्जा तोच राहिला. फक्त मानेवरची सुरी गेली.

५. रोज एक गोष्ट न तपासता जाऊ द्या. हे सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात उपयोगाचंही. पुन्हा पुन्हा तपासलं की क्षणभर बरं वाटतं, पण मन शिकतं की "तपासलं म्हणून वाचलो." हे तोडायचं तर तपासल्याशिवायही काही बिघडत नाही, याचा अनुभव मनाला द्यावा लागतो. छोट्या पायरीपासून सुरुवात करा. या आठवड्यात एक मेसेज एकदाच वाचून पाठवा. पुढच्या आठवड्यात एक लहान पार्सल कारागिराला एकट्याने भरू द्या. त्याला आधी तपासायची यादी लिहून द्या आणि तुम्ही दुसरीकडे जा. सुरुवातीला जीव वरखाली होईल. होऊ द्या, थोड्या वेळाने तो आपोआप ओसरतो. मोठी निर्यातीची ऑर्डर पहिल्याच दिवशी सोडून देऊ नका, एवढं पथ्य पाळा.

आणि शरीराची बाजू विसरू नका. दुपारनंतरचा चहा-कॉफी कमी करा, कारण कॅफिनने धडधड वाढते. रोज अर्धा तास भरभर चाला. फोन उशाशी ठेवू नका. रात्री झोप यावी म्हणून दारू घेत असाल, तर ती झोप पहाटे मोडते आणि दुसऱ्या दिवशी घालमेल वाढते.

घरच्यांसाठी दोन ओळी

तुमच्या घरात असा माणूस असेल, तर "उगाच टेन्शन घेतोस" असं म्हणू नका. त्याला ते आधीच माहीत असतं आणि वर लाजही वाटते. "सगळं ठीक आहे ना?" हा प्रश्न त्याने दहाव्यांदा विचारला, तर दहाव्यांदा "हो" म्हणण्याऐवजी विचारा, "वहीत लिहिलंस का? साडेसहाला दोघं बसून बघूया." आणि तो थकलाय हे मान्य करा. कमावत्या माणसाला हे वाक्य फार क्वचित ऐकायला मिळतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

वरची कामं महिनाभर प्रामाणिकपणे करूनही फरक नसेल, झोप रोजच मोडत असेल, छातीत दाटून येत असेल किंवा घरात सतत भांडणं होत असतील, तर थांबू नका. छातीत दुखत असेल तर "टेन्शनच असेल" असं स्वतः ठरवू नका. आधी हृदय तपासून घ्या. थायरॉइड वाढल्यानेही अशीच धडधड आणि बेचैनी होते, ती साध्या रक्ततपासणीत कळते.

जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली २००६पासून वापरात आहे. मागच्या दोन आठवड्यांत किती वेळा त्रास झाला, याला ० ते ३ गुण द्यायचे. एकूण २१. दहा किंवा जास्त आले तर तज्ज्ञाला दाखवावं असं समजतात. हे निदान नव्हे, पण कुठे उभे आहोत ते कळतं.

उपचार आहेत आणि ते लागू पडतात. बोलण्यातून होणारी उपचारपद्धती, गरज असेल तर गोळ्या, कधी दोन्ही. या त्रासावर सहसा आधी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय प्रकारच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, मात्र त्या डॉक्टरांना न विचारता अचानक बंद करायच्या नाहीत. मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी मागून घेणं हा मात्र धोक्याचा रस्ता आहे, त्यातल्या अनेक गोळ्यांची सवय लागते.

कुणाला सांगावं कळत नसेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील, तर वही, महिना, काही बघू नका. आज, आत्ता हा फोन लावा आणि घरातल्या एका माणसाला सांगा.

या आठवड्याचा गृहपाठ

नेहमीप्रमाणे गृहपाठ देतोय. एक वही घ्या, वीस रुपयांची चालेल. तीन रकाने आखा: काळजी काय, माझ्या हातात काय, शेवटी काय झालं. सात दिवस भरा. आठव्या दिवशी नफा-तोटा काढता तसा हिशेब काढा. किती काळज्या खऱ्या झाल्या? ज्या खऱ्या झाल्या, त्या कशाने निस्तरल्या, जागरणाने की कामाने?

तुमची मेहनत, तुमचा शब्द, तुमची वेळ पाळायची सवय, ही तुमची खरी पुंजी आहे. काळजी कमी झाली म्हणून ती कुठे जाणार नाही. तयारी करा, शटर ओढा, घरी जा, आणि गरम जेवण बसून जेवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.